वाचकांचे प्रश्न : सेल्युलर तुरुंगात कोणाचे काम काय होते?

प्रश्न : नुकताच अंदमानला जाऊन सेल्युलर तुरुंग पाहिला. तेथील वाटाड्याने जेलर बारी याच्याविषयी पुष्कळ सांगितले. परंतु जमादार, टिंडल, पेटी ऑफिसर ही जी नावे वारंवार कानांवर पडली, ती माणसे सरकारी नोकर होती की कैदी, याचा उलगडा झाला नाही. शिवाय एवढा मोठा तुरुंग मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांनी सांभाळला तरी कसा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ती माणसे कैदीच होती, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. १८९६ साली बांधकाम सुरू होऊन १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगात मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तिमजली इमारती आणि ६९३ कोठड्या होत्या. अशा जागेसाठी पगारी पहारेकरी समुद्रापलीकडून आणून पोसणे सरकारला महाग पडले असते. म्हणून जुन्या कैद्यांतूनच पहारेकरी निवडण्याची पद्धत तेथे चालू राहिली. अंदमानच्याही आधी हिंदुस्थानातील जन्मठेपेचे कैदी पेनांग आणि सिंगापूर येथे पाठवले जात, तेथे ती रुळलेली होती. १८५८ साली अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली, तेव्हा सरकारला नवे काही शोधून काढावे लागले नाही.

सर्वांत वर चीफ कमिशनर असे; त्याचे ठाणे समोरच्या रॉस बेटावर होते आणि संपूर्ण वसाहत त्याच्या हुकमतीखाली होती. तुरुंगाचा प्रमुख म्हणजे सुपरिंटेंडंट. शिस्त, कैद्यांचे श्रम, खर्च आणि शिक्षा या चारही बाबी १८९४ च्या कारागृह कायद्याने त्याच्याकडे दिल्या होत्या. अंदमानच्या वसाहतीचे स्वतंत्र नियम होते हे खरे, तरी तुरुंगातील हुद्द्यांचा आणि जबाबदाऱ्यांचा साचा याच कायद्यातला आहे. कैदी कधी आला, कधी सुटणार, त्याला कोणती शिक्षा झाली, त्याच्याकडून काय काढून घेतले, या सगळ्यांच्या नोंदवह्या सुपरिंटेंडंटने ठेवायच्या असत. कागदोपत्री शिक्षा ठोठावण्याचा अधिकारही त्याचाच होता; जेलरने फक्त कैद्याला त्याच्यापुढे उभे करायचे.

जेलरची कर्तव्ये मात्र वाचण्यासारखी आहेत. त्याने तुरुंगातच राहिले पाहिजे, वरिष्ठांच्या मंजुरीवाचून दुसरा कोणताही उद्योग करता कामा नये, आणि सुपरिंटेंडंटच्या लेखी परवानगीशिवाय एक रात्रसुद्धा बाहेर काढता कामा नये, असे कायदा म्हणतो. कैद्यांचे वॉरंट, पैसाअडका व दप्तर यांची जबाबदारीही त्याचीच असे. सतत जागेवर असणारा, सर्व कागद हाताशी असणारा आणि सुपरिंटेंडंटच्या कानाशी लागणारा माणूस कालांतराने त्या जागेचा मालक होऊन बसला, तर त्यात नवल नाही. डेव्हिड बारी हा आयरिश जेलर नेमका तसा झाला. बारीचा क्रूरपणा सांगताना त्याच्या स्वभावाकडेच सगळे बोट दाखवतात, पण या पदाची रचनाही पाहिली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

जेलरच्या खाली थोडे युरोपीय व हिंदी कर्मचारी सोडले, की कैदी-अधिकाऱ्यांची उतरंड सुरू होई. काही वर्षे निमूट शिक्षा भोगलेला कैदी आधी वॉर्डर होई. पुढे तो पेटी ऑफिसर, टिंडल आणि शेवटी जमादार या पायऱ्या चढे. कमरेचा पट्टा आणि त्यावरचा बिल्ला ही त्याची ओळख. कोठड्या उघडल्यावर कैद्यांच्या जोड्या लावून शिरगणती करणे, त्यांना शौचाला व न्हाणीवर नेणे, आपसांत बोलू न देणे, काम वाटून देणे आणि संध्याकाळी ते मोजून घेणे ही सगळी कामे या लोकांची होती. यांतील शेवटचे काम सर्वांत भयंकर. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्याने दिवसाकाठी ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो खोबरेल काढायचे असे. तेल तोलताना पेटी ऑफिसर समोर उभा असे आणि तूट आली तर शिव्या, मार, प्रसंगी वरपर्यंत तक्रार ठरलेली असे. शिकलेल्या कैद्यांना मुन्शी म्हणून लेखनाच्या कामावर घेत. तात्याराव सावरकर स्वतः कोलूला जुंपले गेले होते, आणि अंदमानातील शेवटच्या काळात त्यांना तेलगोदामाचे फोरमन नेमण्यात आले होते.

रात्रीची व्यवस्था इमारतीच्या रचनेवर बेतलेली होती. सात इमारतींचे प्रत्येकी तीन मजले, म्हणजे एकवीस ओसऱ्या. प्रत्येक ओसरीत एक असे एकवीस पहारेकरी फिरत, आणि मधल्या मनोऱ्यातून सर्व ओसऱ्यांवर नजर ठेवता येई. कुलपाची जागा तुम्ही पाहिलीच असेल. दाराची लांब कडी बाहेरच्या भिंतीतील कोनाड्यात जाऊन बसते, त्यामुळे गजांतून हात बाहेर काढला तरी तो तिथवर पोचत नाही. शिवाय प्रत्येक इमारतीचे तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे असल्याने समोरच्या कैद्याला खूण करण्याचीही सोय नव्हती. पहारेकऱ्याचे अर्धे काम गवंड्यानेच करून ठेवले होते.

या कैदी-अधिकाऱ्यांविषयी राजबंद्यांच्या आठवणींत फार कडवट मजकूर आहे. राजबंद्यांवर बहुधा परप्रांतीय, विशेषतः पठाण आणि बलुची पहारेकरी मुद्दाम नेमले जात, म्हणजे भाषेचा आणि आपुलकीचा धागा जुळू नये, अशी त्यांची तक्रार आहे. तंबाखूपासून कामाच्या सवलतीपर्यंत सगळ्यांचा भाव ठरलेला असे. हे सर्व खरे मानूनही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पेटी ऑफिसरचा पट्टा जेलरच्या मर्जीवर होता; हाताखालचा कैदी पळाला, बोलताना सापडला किंवा त्याचे तेल कमी भरले, तर पट्टा काढून यालाही पुन्हा कोलूवर पाठवता येत असे. स्वतः कोलू ओढलेला माणूस तो पुन्हा वाट्याला येऊ नये म्हणून काय काय करील, याचा सरकारला नीट अंदाज होता.

प्रश्न : तुरुंगात डॉक्टर असे ना? मग आजारी माणसांकडून इतके श्रम कसे करवून घेतले जात? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : डॉक्टर असे, आणि कायद्याने त्याच्या हाती मोठे अधिकार दिले होते. कैदी आत येताच त्याची तपासणी करणे, श्रमावर असलेल्यांना वेळोवेळी पाहणे, किमान पंधरवड्यातून एकदा वजन करून ते त्यांच्या तिकिटावर, म्हणजे प्रत्येक कैद्याच्या नोंदपत्रावर, नोंदवणे ही त्याची कामे. एखाद्या कामाने कैद्याची प्रकृती ढासळते आहे असे त्याचे मत झाले, तर त्या कैद्याला ते काम देता येत नसे. अपुऱ्या अन्नाची किंवा फटक्यांची शिक्षा द्यायची तर कैदी ती सोसू शकेल असा दाखला आधी डॉक्टरनेच द्यावा लागे. फटके त्याच्या समक्ष मारले जात आणि त्यांची कमाल मर्यादा तीस होती. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, हेही कायद्यात होते.

एक कलम तर असे होते, की शिस्तीमुळे कैद्याच्या मनावर घातक परिणाम होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे वाटल्यास डॉक्टरने ते सुपरिंटेंडंटला लेखी कळवलेच पाहिजे. हे कलम डोळ्यांसमोर ठेवून १९१२ साल आठवून पाहावे. त्या वर्षी येथील राजबंदी इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास लावून घेतला, आणि उभ्या हातकड्यांत टांगलेल्या उल्लासकर दत्त या दुसऱ्या राजबंद्याला तापात भ्रम होऊन पुढे वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले. डॉक्टरचे मत चालण्यासाठी आधी ते कागदावर यावे लागते. कैदी ढोंग करतो, ही समजूत पेटी ऑफिसरपासून वरपर्यंत इतकी पक्की होती, की थर्मामीटरमध्ये न दिसणाऱ्या दुखण्याला तेथे कोणी दुखणे मानीत नसे. १९३३ च्या उपोषणात हीच वैद्यकीय यंत्रणा उपाशी राजबंद्यांच्या नाकातून नळी घालून बळजबरीने दूध पाजण्याच्या कामी लागली. त्या उपोषणात महावीर सिंह, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र हे तिघे दगावले. महावीर सिंह यांच्या फुप्फुसात दूध गेले होते.

प्रश्न : पहारेकऱ्यांनी नियम मोडला तर त्यांना काही शिक्षा होती का, आणि आपल्याकडच्या तुरुंगांतही कैदीच पहारा देत असत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, मुंबई इलाख्यातही कैदी वॉर्डर होते. १९२२ ते १९२४ या काळात गांधीजी येरवड्याला असताना त्यांच्याकडे असेच वॉर्डर नेमलेले होते. सुटल्यावर त्यांनी या लोकांविषयी लिहिले, त्यांत आदन नावाच्या एका सोमाली कैद्याची हकीगत आहे आणि ती ममतेने लिहिलेली आहे. पद्धत एकच असली तरी प्रत्येक तुरुंगात तिचे रूप सारखे नव्हते, एवढे यावरून दिसते.

आता शिक्षेविषयी. कैद्याला अधिकारी नेमले की फौजदारी कायद्याच्या दृष्टीने तो लोकसेवक ठरत असे. तसे कलमच होते. तुरुंगातील कोणत्याही कर्मचाऱ्याने कैद्याला काही विकणे, भाड्याने देणे किंवा त्याच्याशी पैशाचा व्यवहार करणे, तसेच तुरुंगाला माल पुरवण्याच्या ठेक्यात हितसंबंध ठेवणे निषिद्ध होते. द्वारपालाला आतबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासण्याचा आणि संशय आल्यास माणसाची झडती घेण्याचा अधिकार होता. कर्तव्यात कसूर करणाऱ्या किंवा परवानगीवाचून गैरहजर राहणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकत. भित्रेपणासाठीही हीच शिक्षा सांगितली आहे. नियमांची प्रत इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावावी असेही कायद्यात होते. मात्र ती लावायची जागा तुरुंगात नोकरीस असलेल्यांना जाता येईल अशी हवी, एवढीच अट होती. ती कैद्यांच्या दृष्टीस पडावी असे त्यात म्हटलेले नव्हते.