धसका उतरतो, पण विसरून नाही

ताई, तुमचा भाऊ उसाची ट्रॉली घेऊन निघाला होता, ती उलटली आणि सोबतचा पोरगा जागीच गेला. याला चार महिने झाले. आता तो रात्री ओरडत उठतो, ट्रॅक्टरचा आवाज आला की घामाघूम होतो, त्या रस्त्यानं जात नाही, घरच्यांवर खेकसतो. आई म्हणतात बाहेरचं झालंय. तो बरा होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतो, ताई. मी झाले, म्हणून सांगते.

१९९३ साली मी दहा वर्षांची होते. गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळचं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, रात्री उशिरापर्यंत हलगी वाजत होती. लोक दमून झोपले आणि ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. माझी आजी माझ्या शेजारी गेली. मला काढलं तेव्हा माझ्या तोंडात माती होती. त्या मातीची चव पुढं पंचवीस वर्षं माझ्या तोंडात यायची, आणि यायची ती हलगी वाजली की! झोपताना शेवटचं कानावर पडलेलं तेच होतं ना. पुनर्वसनातल्या पक्क्या घरातही मी उंबऱ्याला डोकं लावून झोपायचे. लग्नानंतर दाराला कडी लावू देत नव्हते, त्यावरून घरात किती भांडणं झाली ते मलाच माहीत.

आपल्याकडं याला ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’ म्हणतात. डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं राहणारा मनाचा आजार. महिना उलटूनही असा त्रास चालूच राहिला, रोजचं जगणं अडायला लागलं, तर तपासून घ्यायला हवं. एरवीची आठवण जुनी होत जाते. ही होत नाही. धोका ओळखणारा मेंदूचा भाग आवाज ऐकला की शहानिशा न करता अख्ख्या अंगाला उठवतो, आणि तुमच्या भावासाठी ट्रॉली त्या क्षणी पुन्हा उलटत असते. म्हणून ‘विसर आता’ म्हणून काही होत नाही. आणि तो रस्ता टाळला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं खरं, पण त्या सुटकेतूनच भीती पक्की होते. मी कडी टाळत आले, तशीच.

वयाच्या पस्तिशीत मी सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात गेले. तिथल्या बाईंनी मला डोळे मिटून ती रात्र आत्ता घडतेय अशी सांगायला लावली. पहिल्यांदा आजीच्या हातापाशी येऊन थांबले, पुढं शब्दच फुटेना. दर आठवड्याला तेच, पुन्हा तेच. मग मोबाईलवर हलगी, आधी अगदी बारीक आवाजात. सुरुवातीचे पंधरा दिवस झोप आणखी बिघडली, हे लपवत नाही. पण आठव्या-नवव्या खेपेला सांगताना लक्षात आलं की मी रडतेय ती आजीसाठी, भीतीनं नाही. मोठा ट्रक गेला की आजही जाग येते. पण दाराला कडी असते.

हे घरी करू नका, ताई. त्याला धरून-बांधून त्या रस्त्यावर नेऊ नका, ‘सांग काय झालं’ म्हणून खोदूही नका. हे शिकलेल्या माणसाकडंच व्हायला हवं; साधारण आठ-बारा भेटी लागतात. डॉक्टर सर्ट्रालिनसारखी उदासी-भीतीवरची गोळी देतील तर ती लागू पडायला काही आठवडे द्यावे लागतात. नुसत्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांनी धसका जात नाही, उलट लांबतो.

गाडी तोच चालवत होता, म्हणून अपराधीपणा त्याला जास्त पोखरत असणार. ‘तुझी चूक नाही’ असं दहा जणांनी सांगितलं तरी ते आत पोचत नाही. त्या क्षणी त्याला काय दिसत होतं, हातात काय होतं, हे त्याला स्वतःलाच सावकाश उलगडून बघावं लागेल. तोपर्यंत त्याला एक थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आईंशी अंगाऱ्यावरून भांडू नका. अंगारा लावू द्या, केसपेपरही काढा.

रात्री ओरडत उठला तर एकदम धरू नका, हात झटकेल. दिवा लावा, लांबूनच नावानं हाक मारा, ‘तू घरी आहेस, मी ताई आहे’ म्हणा, पाय फरशीला टेकवायला सांगा, मग पाणी द्या. दवाखान्यात पहिल्या दिवशी सोबत जा, पण आत त्याला एकट्यालाच बोलू द्या. तुमच्यासमोर तो त्या पोराचं नाव काढणार नाही.