शारजाची नोकरी, लेकीची दहावी आणि रावेरची केळीबाग

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. शारजात १३,००० दिरहम पगाराची नोकरी मिळते आहे. करार दोन वर्षांचा आहे, शाळेचा भत्ता नाही. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघेही राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजीत. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. जातोच आहोत तर ब्रिटिश शाळेत घालावे असे वाटते. त्यासाठी रावेरची दोन एकर केळीची जमीन विकावी का?

उत्तर: जमीन विकू नका. नोकरीसाठी देश सोडला की फेमा, म्हणजे परकीय चलन कायद्याखाली तुम्ही अनिवासी होता. आधीपासून असलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते, नवी मात्र विकत घेता येत नाही. म्हणजे ही दोन एकर गेली, तर बाहेर असेपर्यंत तिच्या जागी दुसरी घेता येणार नाही. शिवाय जमीन विकून फी भरायची म्हणजे ती फी पगारात बसत नाही, हे तुम्हीच कबूल करता आहात.

एक दिरहम २४ रुपये धरून पगाराचाच हिशेब मांडू. शारजात दोन खोल्यांचे घर वर्षाला ५०,००० दिरहम धरा, म्हणजे महिना ४,१७०. वीज-पाणी-इंटरनेट ७००, किराणा २,०००, ये-जा १,०००, विमा ३००, वर्षातून एकदा गावी येण्याची तजवीज ५००. शाळा सोडून इथेच ८,६७० झाले. सीबीएसई शाळेत दोघांची फी २१,०००, बस ८,००० आणि गणवेश-पुस्तके ३,००० धरली, तर वर्षाला ३२,००० म्हणजे महिना २,६७०. हातात उरतात १,६६० दिरहम, साधारण ४० हजार रुपये. मध्यम दर्जाच्या ब्रिटिश शाळेत दोघांची फीच ६३,००० धरावी लागेल. बस-गणवेशासह महिना ६,१७०, आणि दरमहा १,८४० दिरहमची तूट. ही तूट पहिल्या वर्षापुरती नाही. वरच्या इयत्तेत फी वाढतच जाते, मुलगा तर अजून तिसरीतच आहे.

ब्रिटिश शाळा नको म्हणण्याला दुसरे कारणही आहे. तिथे मुलगी ज्या इयत्तेत बसेल, तिथून दोन वर्षांचा आयजीसीएसई, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या दहावीच्या तोडीचा अभ्यासक्रम सुरू होतो. करार मध्येच संपला आणि अर्ध्यावर परत यावे लागले, तर इकडच्या दहावीत तिला बसवणे फार अवघड जाते. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि तिथल्या कायद्यानुसार प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकते. ज्या शाळेतून सहज परतता येत नाही, तिथे दोन वर्षांच्या कराराच्या भरवशावर मूल घालू नये.

आता खरा प्रश्न. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, खासगी नोकरीतल्या तुम्हाला त्या लागू नाहीत. शारजातली शाळा सीबीएसईची असली तरी ती महाराष्ट्राबाहेरचीच. तिथे दहावी केली की सरकारी कॉलेजसाठी मुख्यतः १५ टक्के अखिल भारतीय कोटा उरतो, आणि खासगीत व्यवस्थापन किंवा एनआरआय कोट्याची फी. ती फी दोन एकर विकूनही पुरणार नाही. इंजिनीअरिंगला नियम बराच सैल आहे, पालकांच्या महाराष्ट्रातल्या अधिवासावर मार्ग निघतो.

म्हणून मुलीशी नीट बोला, तिच्यावर भार न टाकता. मेडिकलचा विचार पक्का असेल, तर तुम्ही एकटे जा. भागीदारीत खोली, जेवण, प्रवास आणि वरखर्च मिळून ३,१०० दिरहम, जळगावचे घर चालवायला ४५ हजार रुपये, गावी येण्याचे ३००. तरी दरमहा सुमारे १ लाख ८५ हजार रुपये उरतात. सगळे गेलात तर उरणाऱ्या रकमेशी ताडून पाहिले, तर फरक वर्षाला १७ लाखांच्या पुढे जातो. बाप दूर राहणे ही मोठी किंमत आहे, ती मी कमी लेखत नाही. पण दिवाळीत आणि मे महिन्यात घरच्यांना तिकडे बोलावूनही हा हिशेब मोडत नाही.

मेडिकलचा विचार पक्का नसेल, तर सगळे जा, पण नववी सुरू होतानाच. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, थेट दहावीत प्रवेशाला मंडळाची परवानगी लागते. तिकडे भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला उघडते, आपल्याकडे तेव्हा वार्षिक परीक्षा चालू असते आणि निकाल मेच्या तोंडावर लागतो. त्यामुळे सहामाहीच्या गुणपत्रिकेवर तात्पुरता प्रवेश देणार का, हे शाळेकडून डिसेंबरातच लेखी घ्या. सेमीतल्या मुलांना गणित-विज्ञान जड जात नाही, अडतात ती इतिहास-भूगोलात, कारण ते मराठीतून झालेले असते. अरबीही नववीपर्यंत सक्तीची आहे. मुलाला वेळ आहे, मुलीला त्या एकाच वर्षात सगळे पेलावे लागेल.

या वाटेने गेलात तर सुरुवातीलाच १२ लाख रुपये हाताशी हवेत: घरभाड्याचा पहिला चेक, अनामत, दलाली, तिघांचे व्हिसा, सामान, शाळेचे पहिले सत्र. ते ठेवीतून काढा, सोने मोडू नका. मुलीचे सुकन्या खाते असेल, तर ती अनिवासी होताच ते बंद करावे लागते आणि त्या तारखेपासून व्याज थांबते. ती जळगावातच राहिली तर खाते चालू राहते. तुमचे पीपीएफ मुदतीपर्यंत चालवता येते, मुदतवाढ मिळत नाही.

कोणतीही वाट धरा, एक काम याच महिन्यात करा. दोन्ही मुलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरानुअक्षर जुळवून पाहा. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडून दुरुस्ती होते, दाखला काढल्यावर फार खेटे पडतात. त्या दाखल्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असे शिक्के ओळीने घ्यावे लागतात. एखादा एजंट नुसत्या अपोस्टिलवर (परदेशासाठी कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) भागते म्हणाला तर पैसे देऊ नका, अमिरातीत ते चालत नाही.