बांबू की सागवान? आधी खालची ओल बघा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं नवीन घर, खाली हॉल, किचन आणि एक बेडरूम, वर दोन बेडरूम. सगळीकडं लाकडी जमीन करायची आहे. दुकानदार म्हणतो बांबू घ्या, त्याला ओलीचं काही वाटत नाही. सासरे म्हणतात, घालायचं तर सागवान, नाहीतर राहू दे. आणि पावसाळ्यात सगळं फुगून बसेल ही तुमची धास्ती.

धास्ती खरी आहे. पण बांबू की सागवान हा नंतरचा प्रश्न. खालून ओल येते का आणि फळ्या कुठल्या महिन्यात बसवणार, हे आधी ठरवा. माझी स्वतःची फजिती सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका बंगल्याचं काम घेतलं होतं. तळमजल्यावरची बेडरूम, दहा बाय बारा, अस्सल सागवान, पाच इंची फळ्या. मे महिन्यात बसवल्या. घरमालकांना एकसुद्धा फट दिसायला नको होती, आणि मीही हौसेनं फळ्या एकमेकींत ठोकून, चारी भिंतींना भिडवून बसवल्या. इतकं चोख काम की मीच फोटो काढून गावभर दाखवत होतो. ऑगस्टमध्ये फोन आला, "दार उघडेना झालंय." जाऊन बघतो तर खोलीच्या मधोमध जमीन मांडवासारखी उठलेली. पाय दिला की खाली जायची, काढला की वर. कपाटाकडच्या फळ्यांच्या कडा वर आणि पोट खाली, पन्हळीसारखं. लाकडात दोष काही नव्हता, सगळा माझा. काढून परत घालायचा खर्च मी सोसला. त्या घरी अजून चहाला जातो, एवढं नशीब.

झालं काय होतं ते सांगतो. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. वरून पॉलिश मारलं तर वेग कमी होतो, थांबत नाही. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, हलते ती रुंदीत. सागवानात ओलावा एक टक्का वाढला की रुंदी साधारण ०.१९ टक्का वाढते. ऐकायला काहीच नाही. पण कोल्हापुरात घरातलं लाकूड माझ्या ओलीच्या मीटरवर एप्रिल-मेमध्ये ८-९ टक्के दाखवतं आणि ऑगस्टमध्ये १४-१५. सहा टक्क्यांचा फरक. दहा फुटांच्या रुंदीत सगळ्या फळ्यांची वाढ मिळून सव्वा इंचाच्या वर जाते. हा सव्वा इंच जाणार कुठं? भिंत सरकत नाही, मग जमीन उठते. आणि सागवान हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. हल्ली ओकचं फॅड आहे, ते याच्या जवळपास दुप्पट हलतं. आपल्या हवेत भरीव ओकच्या नादाला लागू नका.

सासऱ्यांचा सागवानावरचा भरवसा मला कळतो. त्या पिढीनं वाड्यातली माडी बघितलेली असते. आमच्या आजोळी मंगळवार पेठेत तक्तपोशीची, म्हणजे लाकडी फळ्यांची, माडी होती, दुपारी वरच्या खिडकीतलं ऊन फळ्यांच्या फटींतून खालच्या खोलीत रेघारेघांनी उतरायचं, आणि वर कुणी चाललं की त्या उजेडात धूळ नाचायची. ती माडी शंभर पावसाळे टिकली ती नुसतं सागवान होतं म्हणून नव्हे. फळ्यांना खालून-वरून दोन्हीकडून वारा होता, आणि फटी असल्या तरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आपण आता तीच फळी काँक्रीटवर झोपवतो. वरून पंख्याचा वारा, खालून कोब्याची ओल. खालचं अंग फुगतं, वरचं नाही, मग कडा उचलल्या जातात. माझ्या पन्हळीचं कारण तेच.

म्हणून तळमजल्यावर लाकूड नकोच. ना सागवान, ना बांबू. तुमच्या बाजूला गगनबावड्याच्या दिशेनं जावं तसा पाऊस वाढत जातो, काळ्या मातीत ओल दिवाळीपर्यंत मुरलेली असते. शिवाय २०१९ किंवा २०२१ ला तुमच्या गल्लीत पाणी आलं होतं का, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे आपल्याला पाठ असतात, पण प्लॉट घेताना कुणी आठवत नाही. पुराचं पाणी एकदा शिरलं की लाकडी जमीन उपसून टाकण्यापलीकडं काही उरत नाही. खाली कोटा फरशी घाला, पायाला थंड, पुसायला सोपा.

आता वरच्या दोन खोल्या. बांबूबद्दल दुकानदारानं सांगितलंय ते मात्र मान्य नाही. बांबू हे गवत, २०१७ साली कायद्यानंसुद्धा त्याला झाडांच्या व्याख्येतून काढलं. पण गवत आहे म्हणून ओल पीत नाही असं नाही, चांगली पितो. त्यात बांबूची जमीन म्हणजे एकच वस्तू नव्हे. एका प्रकारात पट्ट्या आडव्या किंवा उभ्या चिकटवलेल्या असतात, गाठी दिसतात, दिसायला छान. दुसरा स्ट्रँड वोव्हन: बांबूचे धागे रेझिनमध्ये भिजवून प्रचंड दाबाखाली ठोकळा करतात आणि त्याच्या फळ्या कापतात. हा टणकपणात सागवानाच्या दुपटीहून जास्त. मुलांनी सायकल फिरवली, कपाट ओढलं, तरी ओरखडा कमी. पण टणक असणं वेगळं आणि ओलीला न हलणं वेगळं, दुकानात हे दोन्ही एकाच वाक्यात खपवतात. घट्ट असल्यामुळं तो ओल सावकाश घेतो, पण घेतो. तपकिरी रंगाचा बांबू असेल तर तो वाफेत भाजून आणलेला रंग असतो, पट्ट्यांच्या प्रकारात तो फिक्क्या बांबूपेक्षा मऊ पडतो.

घुणाचंही विचारा. आमच्या ओळखीचे एक बुरूड आजोबा सांगायचे, बांबू थंडीत आणि अंधाऱ्या रात्रींत तोडावा, पावसाळ्यातला बांबू सुपाला घेऊ नये. अंधाराचं राहू द्या, पण घुण बांबूतल्या स्टार्चवर जगतो हे पक्कं आहे, त्यामुळं तोड कधीची आणि बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया झाली आहे का, हे दोन प्रश्न विचारायचेच. दुकानदार गोंधळला तर उठून या.

एक घरगुती परीक्षा करा, मी दर गिऱ्हाईकाला करायला लावतो. प्रत्येक नमुन्याचा वीतभर तुकडा मागून आणा. रुंदी आणि जाडी व्हर्नियरनं मोजून पेन्सिलीनं तुकड्यावरच लिहा. रात्री पातेल्यात बुडवून वर दगड ठेवा, चोवीस तासांनी काढून परत मोजा. मागच्या वर्षी मी तीन तुकडे असे ठेवले होते. पट्ट्या चिकटवलेला स्वस्त बांबू गोंदाच्या रेषेवर उघडला, नख आत जात होतं. स्ट्रँड वोव्हन अखंड राहिला, पण जाडीत फुगला आणि वाळल्यावरही कडेला खरखरीत लागत होता. जुन्या सागवानाचं माप जेमतेम बदललं. एवढी शिक्षा जमिनीला घरात कधी होत नाही, पण माल कळतो.

माझी पसंती विचाराल तर जुनं सागवान. पाडलेल्या वाड्यांचे वासे, तुळया वखारीत येतात. पन्नास-साठ वर्षं हवा खाल्लेलं, गाभ्याचं लाकूड. हल्ली लागवडीचं कोवळं सागवान येतं त्यात पांढरा भाग फार, आणि वाळवीला तोच आवडतो. जुन्यात खिळे असतात, सुतार कुरकुर करेल, रंध्याचं पातं एक-दोनदा जाईल. एका घनफुटाचे कागदावर इंची जाडीचे १२ चौरस फूट होतात, कापून रंधून हातात आठ-नऊ पडतात, तो हिशेब आधी धरा. फळी तीन इंचाच्या वर नको. अरुंद फळ्यांत वाढ जास्त सांध्यांत वाटली जाते, डोळ्याला दिसत नाही.

असं लाकूड मिळालं नाही तर इंजिनिअर्ड घ्या: खाली आडवे-उभे थर दिलेला प्लाय, वर तीन-चार मिलिमीटर सागवान. थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून हालचाल कमी. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे ओलीला टिकणारा मरीन, आहे का ते शिक्का बघून घ्या. बांबू माझ्या यादीत तिसरा, तोही स्ट्रँड वोव्हनच, आणि घरात पळणारी मुलं किंवा कुत्रं असेल तर. लॅमिनेटचं नाव काढू नका, सांध्यात पाणी गेलं की आतला भुसा फुगतो आणि परत बसत नाही.

बसवायचा महिना: नोव्हेंबर. सगळ्यांना दसरा-दिवाळीचा गृहप्रवेश हवा असतो म्हणून सप्टेंबरमध्ये घाई होते, आणि मग मे महिन्यात फटींत नाणं उभं राहतं. दिवाळी करून घ्या, मग सुताराला बोलवा. कोबा जाडीच्या दर इंचाला एक महिना या हिशेबानं वाळतो, त्यात पावसाळ्याचे महिने धरायचे नाहीत. वाळला का बघायला दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, खाली दव जमलं तर थांबा. फळ्या खोलीत सुट्ट्या रचून, मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे राहू द्या. भिंतीशी अर्धा इंच सगळीकडं मोकळा, स्कर्टिंगखाली झाकला जातो. सागवान चिकटवणार असाल तर आधी थिनरनं पुसून घ्यायला सांगा, त्याच्या तेलामुळं गोंद धरत नाही. वर मॅट पीयू पॉलिश, मेलामाइन पॉलिश नको, ते फर्निचरचं.

पुसायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा: फडकं घट्ट पिळून. बादलीभर पाणी ओतून खराट्यानं ढकलायची आपल्याकडची सवय वरच्या मजल्यावर सोडावी लागेल.

दोन्ही खोल्यांची मापं, खिडक्या कुठल्या दिशेला आणि वरचा कोबा कधी घातला ते कळवा, मग फळ्या कुठल्या दिशेनं टाकायच्या ते सांगतो. ओलीचं मीटर हजार-दोन हजारांत मिळतं, पण एका कामासाठी घेऊ नका, माझं घेऊन जा.