मुलाचं महागाचं कार्ड स्पर्धेतून बाद झालं, मग हा खेळ न्याय्य कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवीतल्या मुलाने वाढदिवसाचे पैसे घालून पोकेमॉनची कार्डं घेतली, वर्षभरात त्यातली बरीच स्पर्धेत चालेनाशी झाली, नवी निघतात ती जुन्यांपेक्षा दणकट. म्हणजे ज्याच्या घरी पैसा तोच जिंकणार. मग याला स्पर्धा कशाला म्हणायचं?

मीही नागपूरचाच. मॅजिक आणि पोकेमॉन हे दोन्ही पत्त्यांचे खेळ खेळतो, रविवारी प्रतापनगरात एका मित्राच्या हॉलमध्ये आमचा अड्डा बसतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक ताकद बदलत राहण्याची, दुसरी पैशाची. पहिलीत मला फारसा अन्याय दिसत नाही. दुसरी खरी आहे, पण तुम्हाला वाटते त्या जागी नाही.

आधी ताकद. आपण मेंढीकोट खेळतो तेव्हा हुकूम ठरला की हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला खाते. दुर्री तीच, कागद तोच. ट्रेडिंग कार्डांचंही तसंच आहे, फक्त इथे नियम कंपनी बदलते आणि सोबतची कार्डंही बदलतात. पोकेमॉनच्या पहिल्या संचात प्रोफेसर ओक नावाचं कार्ड होतं: हातातली सगळी कार्डं टाका, नवी सात ओढा. एका पाळीत ते कितीही वेळा खेळता यायचं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक डेकमध्ये, म्हणजे खेळायला निवडलेल्या गड्डीत, ते चार असायचंच. पुढे ‘सपोर्टर’ हा प्रकार आला आणि अशी कार्डं पाळीत एकच खेळायची असं ठरलं. आजच्या प्रोफेसर्स रिसर्चवर मजकूर जवळपास तोच आहे, पण त्याची दहशत गेली. आणखी पुढे, २०२० मध्ये, आधी खेळणाऱ्याने पहिल्या पाळीत सपोर्टर खेळायचाच नाही असा नियम झाला, कारण नाणेफेक जिंकणाऱ्याला जास्तच फायदा होत होता. न्याय असा बारीकसारीक दुरुस्त्यांनीच येतो.

आकड्यांनीही घाबरू नका. १९९९ च्या इंग्रजी संचातल्या चारिझार्ड या पोकेमॉनचा एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, १२० होता, २०२३ च्या चारिझार्ड ईएक्स या दणकट रूपाचा ३३० आहे. म्हणून तो पावणेतीनपट भारी झाला असं नाही. ईएक्स पडला की समोरच्याला जिंकण्यासाठी उचलायच्या सहा बक्षीसकार्डांपैकी दोन एकदम मिळतात, आणि हल्ल्यांचे आकडेही त्याच मापाने वाढलेत. पॉवर क्रीप, म्हणजे नव्या कार्डांची ताकद चढत जाणं, आहेच, नाही म्हणत नाही. पण तो रोखायचा मुख्य उपाय म्हणजे तुम्हाला खुपणारं ते रोटेशनच, म्हणजे जुनी कार्डं ठरवून स्पर्धेबाहेर काढणं. जुनी कार्डं बाहेर गेली की नव्यांना त्यांच्यावर कुरघोडी करत बसायची गरज उरत नाही. मॅजिक १९९३ मध्ये आलं आणि १९९५ मध्येच त्यांना फक्त अलीकडच्या संचांचा वेगळा प्रकार काढावा लागला. यू-गी-ओ या तिसऱ्या कार्डखेळाच्या मुख्य प्रकारात रोटेशन नाही, सगळा भार बंदीच्या यादीवर. तिथे पॉट ऑफ ग्रीड हे नुसतं ‘दोन कार्डं ओढा’ म्हणणारं कार्ड २००५ पासून पाश्चात्त्य स्पर्धांत बाद आहे. मॅक्स सी हे कार्ड तर २०१८ मध्ये तिकडे बाद झालं आणि जपानमध्ये नंतरही वर्षानुवर्षं चालत राहिलं. एकच कार्ड, एकाच कंपनीचं, पश्चिमेत गुन्हा आणि जपानमध्ये नित्याचं. हे मला रोटेशनपेक्षा विचित्र वाटतं.

आता खरा राग कुठे यावा ते सांगतो. जून २०१९ मध्ये मॅजिकचा मॉडर्न होरायझन्स हा संच आला, त्यात होगाक नावाचा राक्षस. काही दिवसांतच त्याच्या डेकने सगळ्यांना सळो की पळो केलं. जुलैत कंपनीने बंदी घातली ती होगाकवर नाही, त्याच डेकमधल्या ब्रिज फ्रॉम बिलो या २००७ च्या कार्डावर! डेक तरीही सुसाट. शेवटी ऑगस्टच्या अखेरीस होगाक बाद झाला. मधल्या दोन महिन्यांत नव्या संचाची पाकिटं विकली जात होती. कंपनीच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण बळी कोणाचा गेला ते सगळ्यांना दिसलं. २०२४ मध्ये मॉडर्न होरायझन्स ३ मधला नाडू पक्षी असाच सुटला. त्याचा मजकूर शेवटच्या टप्प्यात बदलला होता आणि बदललेल्या रूपात तो खेळून पाहिलाच गेला नव्हता, हे त्याच्या रचनाकारानेच नंतर लिहून कबूल केलं. कबुली चांगली, पण ज्यांनी चार-चार प्रती विकत घेतल्या त्यांच्या हातात काय पडलं?

कागदी खेळातली अडचण ही आहे. हार्थस्टोनसारख्या डिजिटल खेळात कार्ड कमजोर केलं की काही दिवस ते मोडून पूर्ण ‘डस्ट’ (कार्डं बनवायचं खेळातलं चलन) परत मिळते, म्हणजे त्याच तोलाचं दुसरं बनवता येतं. छापलेलं कार्ड परत घ्यायला कोणी येत नाही. त्यातल्या त्यात मला पटलेला निर्णय २०११ चा. मॅजिकमध्ये स्टोनफोर्ज मिस्टिकवर बंदी आली तेव्हा त्याच कार्डाच्या दोन प्रती असलेला एक तयार डेक नुकताच दुकानांत आला होता. कंपनीने सूट दिली: हा डेक एकही कार्ड न बदलता खेळणार असाल तर चालेल. कालपरवा पैसे मोजलेल्या पोराला आज हॉलबाहेर काढायचं नाही, एवढी साधी जाण त्यात होती.

पैशाचं म्हणाल तर त्याच बंदीत गेलेलं जेस, द माइंड स्कल्प्टर हे कार्ड एकेक प्रत शंभर डॉलरच्या आसपास विकलं जायचं आणि डेकला चार लागायची. तो अन्यायच होता. पोकेमॉनमध्ये परिस्थिती बरीच बरी आहे, कारण एकच कार्ड साध्या छपाईतही येतं आणि चकाकत्या चित्रातही. किंमत कैकपट, ताकद तीच. पोट्टे मागतात ते बहुतेक वेळा चित्र असतं. (उलट ही चकाकती फॉइल कार्डं मे महिन्यात कूलरपुढे ठेवली की वाकतात. बाकीचा डेक सपाट आणि ती तेवढी कमानदार दिसली, तर पंच ती खुणेची कार्डं म्हणून अडवू शकतो. नागपुरात साधंच कार्ड बरं, दुसरं काय.)

आमच्या अड्ड्यावर प्रॉक्सी चालते. कार्डाचं नाव आणि मजकूर चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिक पाकिटात, सरकवायची, खेळायचं. एक इंजिनीअरिंगचा पोरगा वर्षभर जवळजवळ सगळा डेक चिठ्ठ्यांचाच घेऊन यायचा आणि आम्हाला धुऊन काढायचा. काहून, तर तो प्रत्येक डेकची पहिल्या तीन पाळ्या पाठ करून बसायचा. अधिकृत स्पर्धेत मात्र चिठ्ठी चालत नाही, तिथे अस्सल कार्डंच लागतात.

तेव्हा तुमच्यासाठी एवढंच. बूस्टर पाकिटं, म्हणजे आत कुठली कार्डं निघतील ते न कळणारी बंद पाकिटं, फोडणं आधी थांबवा, तो नशिबाचा बाजार आहे. स्पर्धेसाठी हवं ते कार्ड सुटं घ्या, साध्या छपाईतलं. सुरुवात करायची तर लीग बॅटल डेक नावाचे तयार साठ कार्डांचे डेक मिळतात, ते खरोखर खेळण्याजोगे असतात. वर्ल्ड चॅम्पियनशिपचे म्हणून मिळणारे डेक घरी शिकायला झकास, पण त्यांची पाठ वेगळी छापलेली असते आणि ते स्पर्धेत चालत नाहीत, दुकानदार हे सांगेलच असं नाही. आणि कार्ड घेण्याआधी मुलाला डाव्या खालच्या कोपऱ्यातलं चौकटीतलं बारीक अक्षर वाचायला लावा. रोटेशन त्या अक्षरावर चालतं आणि आधी जाहीर होतं. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ गेला. जे अक्षर सर्वांत जुनं उरलंय, त्या कार्डावर वाढदिवसाचे पैसे घालू नका.