चेर्योमुश्की म्हणजे नेमके काय?

प्रश्न : रशियाविषयीच्या लेखनात ‘चेर्योमुश्की’ हे नाव वारंवार भेटते. हा मॉस्कोचा विभाग आहे की घरांचा प्रकार?

उत्तर : मुळात हे मॉस्कोजवळचे खेडे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, येथील ‘नववा क्वार्टल’ (क्वार्टल म्हणजे घरांचा गट) या प्रायोगिक वसाहतीत स्वस्त व झटपट घरबांधणीच्या पद्धती पडताळून पाहिल्या गेल्या. त्यातूनच पुढे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फलकांच्या, लिफ्ट नसलेल्या पाचमजली इमारती देशभर उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर इतके लहान, की चौघे जेवायला बसले म्हणजे पाचव्याला वळायला जागा नाही. तरीही एका चुलीवर अनेक कुटुंबांचा स्वयंपाक चालणाऱ्या सामायिक सदनिकांतून आलेल्यांना ते अप्रूपच वाटले असणार. 1959 मध्ये संगीतकार शोस्ताकोविच यांची ‘मॉस्को, चेर्योमुश्की’ ही संगीतिका रंगमंचावर आली आणि अनेक शहरांत नव्या वस्त्यांना गमतीने हेच नाव पडले.

आज चेर्योमुश्की हा मॉस्कोच्या नैर्ऋत्य प्रशासकीय परिमंडळातील एक विभाग असून त्याचा कारभार ‘उप्रावा’ हे स्थानिक कार्यालय पाहते. गंमत अशी, की तो प्रसिद्ध नववा क्वार्टल मात्र शेजारच्या अकादेमिचेस्की विभागात मोडतो.