कंपनीतल्या वेलनेस उपक्रमाचा खरंच उपयोग झाला का, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला दोन प्लँट, मिळून साधारण नऊशे माणसं. वर्षभर योग, झुंबा, चालण्याची स्पर्धा आणि तपासणी शिबिरं झाली. उपक्रम चालवणाऱ्या संस्थेचा अहवाल म्हणतो की भाग घेणाऱ्यांनी इतरांपेक्षा आजारपणाच्या रजा कमी घेतल्या. पुढच्या वर्षी पैसे द्यायचे का, हे व्यवस्थापनाने तुम्हाला विचारलंय.

अहवालातला आकडा खरा असेलही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ड्युटीच्या आधी पाऊण तास येऊन योगाला बसणारी माणसं बहुतेक वेळा आधीपासूनच तब्येतीला जपणारी असतात. ज्याची पाठ धरलेली आहे, जिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, जो दोन गाड्या बदलून कामावर येतो, ती माणसं त्या हॉलपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे या दोन गटांच्या रजा शेजारी ठेवल्या की कोण आलं ते समजतं, उपक्रमाने काय केलं ते नाही.

हे तुम्ही या आठवड्यातच तपासू शकता. हजेरीच्या नोंदीतून याच दोन गटांच्या, उपक्रम सुरू होण्याच्या आदल्या वर्षीच्या रजा काढा. फरक तेव्हाही तेवढाच असेल तर अहवालाचा तो दावा तिथेच संपला. मी अशा उपक्रमांच्या आकडेवारीवरच काम करतो, आणि कुठलाही अहवाल हाती आला की सगळ्यात आधी आदल्या वर्षीचे आकडे मागतो.

ही अडचण जुनीच आहे. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. काम आणि व्यायाम यांच्या संशोधनाची ती पायाभरणीच मानली जाते. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. तीन वर्षांनी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या, तर तरुण चालकांच्या कमरेचं मापही त्याच वयाच्या वाहकांपेक्षा मोठं निघालं. म्हणजे फरकाचा काही भाग माणसं नोकरीत येतानाच सोबत घेऊन आली असावीत. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच असा प्रश्न उभा करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

कंपन्यांच्या उपक्रमांबाबत याची सगळ्यात स्वच्छ परीक्षा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाली. २०१६ मध्ये तिथल्या ४,८३४ कर्मचाऱ्यांची सोडत काढून ३,३०० जणांना उपक्रमात बोलावलं आणि १,५३४ जणांना बाहेर ठेवलं. संशोधकांनी तीच माहिती दोन पद्धतींनी तपासली. आधी तुमच्या अहवालासारखी, भाग घेणारे विरुद्ध न घेणारे. तेव्हा उपक्रम चांगलाच फायद्याचा दिसला. मग बोलावलेले सगळे विरुद्ध न बोलावलेले सगळे, अशी तुलना केली. त्यात उपचारांचा खर्च, आजारपणाच्या रजा, जिमला जाणं, कामाची उत्पादकता, यांत दखल घेण्याजोगा फरक उरला नाही. तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलं, आणि कंपनीला आपल्या तब्येतीची काळजी आहे असं म्हणणारेही वाढले. उपक्रमात आलेल्यांचा उपचारखर्च उपक्रमाआधीच इतरांपेक्षा कमी होता, हेही त्यात दिसलं.

व्हेंडरच्या सादरीकरणात ‘एका डॉलरमागे तीन डॉलर वाचतात’ असं वाक्य हमखास असतं. ते २०१० च्या एका लेखातून आलंय. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून उपचारखर्चात एका डॉलरमागे ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीत २.७३ डॉलर वाचतात असा हिशेब मांडला होता. पुढे यांपैकीच साँग आणि बेकर यांनी अमेरिकेतल्या बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीत सोडतीने चाचणी घेतली. १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणी उपक्रम, सगळे मिळून सुमारे ३३ हजार कर्मचारी. २०१९ मध्ये निकाल आला. दीड वर्षानंतर नियमित व्यायाम करतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे आठ टक्क्यांच्या फरकाने जास्त होतं, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजनाचा निर्देशांक, उपचारखर्च, गैरहजेरी, कशातच ठोस फरक नव्हता. पुढच्या वेळी कोणी ते तीन डॉलर दाखवले तर २०१९ चा हा निकालही समोर ठेवा.

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा कृपया लावू नका. रोज चालणाऱ्याला चालण्याचा फायदा होतोच. प्रश्न एवढाच आहे की कंपनीच्या उपक्रमामुळे न चालणारा माणूस चालायला लागतो का, आणि पुढेही चालत राहतो का.

आता आपल्याकडच्या आकड्यांबद्दल, कारण खरी गफलत तिथे होते.

आजारपणाची रजा आपल्याकडे आजाराचं नीट माप देत नाही. वर्ष संपत आलं की बुडणाऱ्या रजा संपवल्या जातात, गणपतीत आणि लग्नसराईत ‘ताप’ येतो, आणि खरा ताप असलेला कंत्राटी कामगार रोजंदारी बुडेल म्हणून कामावर येतो. रजा पाहायच्याच असतील तर मागच्या वर्षीचे तेच महिने घ्या आणि सलग तीन दिवसांवरच्या रजा वेगळ्या काढा.

मेडिक्लेमच्या क्लेमवर तर मुळीच विसंबू नका. आपल्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा आईवडीलही असतात. मुलाने झुंबा केल्याने वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन टळत नाही. नऊशे माणसांच्या कंपनीत एखाद-दोन बायपास आणि एखादा कॅन्सर एवढ्यानेही वर्षाचा आकडा खाली-वर होतो, त्यात योगाचा वाटा शोधून सापडणार नाही.

तपासणी शिबिरात आणखी एक फसगत होते. पहिल्या शिबिरात ज्यांचं बीपी जास्त आलं त्यांनाच तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर काहीही न करता त्यांची सरासरी खाली येते. त्या दिवशी कोणी जिना चढून आलं होतं, कोणाला सुईची भीती होती. ‘उच्च रक्तदाबाच्या इतक्या टक्के लोकांत सुधारणा’ असं वाचलं की सगळ्यांच्या, म्हणजे पहिल्यांदा नॉर्मल आलेल्यांच्याही, दुसऱ्या मोजणीचे आकडे मागा.

पुढच्या वर्षासाठी माझा सल्ला असा. पैसे लगेच बंद करू नका, पण सगळ्यांना एकदम सुरूही करू नका. दोन प्लँटची एकमेकांशी तुलना करू नका. तिथली कामं, शिफ्ट, कँटीन सगळंच वेगळं असणार. त्याऐवजी दोन्हीकडच्या विभागांच्या चिठ्ठ्या टाका. निम्मे विभाग एप्रिलपासून, उरलेले पुढच्या वर्षी. मोजमाप सुरुवातीलाच सगळ्यांचं घ्या. शेवटी तुलना करताना बोलावलेले सगळे मोजा, न आलेलेसुद्धा. एवढ्या माणसांत छोटा फरक दिसणार नाही, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा.

शिवाय पैशाचा मोठा भाग मी ज्यांना मधुमेह किंवा बीपी आहे त्यांच्या पाठपुराव्याकडे वळवेन: गोळ्या चालू आहेत का, तीन महिन्यांची साखर तपासली का. पेप्सिकोच्या सात वर्षांच्या नोंदींवरच्या, २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात बचतीपैकी ८७ टक्के वाटा या रुग्णांच्या पाठपुराव्याचा निघाला. जीवनशैली सुधारण्याच्या भागाचा खर्चही भरून निघाला नाही. त्यात सोडत नव्हती, त्यामुळे तो पुरावा इलिनॉयइतका भक्कम नाही, पण दिशा मला पटते. मात्र कोणाला साखर आहे हे त्याच्या मॅनेजरला, आणि तुमच्या एचआर विभागालाही, कळता कामा नये. ते कंपनीच्या डॉक्टरांपाशीच राहू द्या. तुमच्याकडे फक्त विभागाची बेरीज यावी, आणि विभागात दहापेक्षा कमी माणसं असतील तर तीही नको. एकदा का ‘प्रमोशन अडेल’ अशी कुजबुज सुरू झाली की लोक शिबिराला येणं बंद करतात.

कामाकडेही बघा. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची पाहणी मांडली. ध्यान, ताण हाताळण्याचे वर्ग, वेलनेस अॅप यांत भाग घेतलेल्यांची मानसिक स्थिती न घेतलेल्यांपेक्षा चांगली आढळली नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाला झोपेवरचं व्याख्यान देऊन काय होणार? शिफ्टचं वेळापत्रक महिनाभर आधी लावणं, रात्रपाळीला कँटीनमध्ये वडापावखेरीज काही गरम मिळणं, ज्या वर्कस्टेशनवर काम करून पाठ दुखते त्याची उंची बदलणं, हेही त्याच सोडतीत घालून मोजता येतं.

आणि नऊशे हा आकडा कायम कामगारांचाच आहे की कंत्राटी धरून, ते मला नक्की कळवा. कंत्राटी, हाउसकीपिंग आणि सुरक्षारक्षक यात नसतील, तर सगळ्यात जास्त उभं राहणारी, ओझं उचलणारी आणि रात्र जागणारी माणसं तुमच्या उपक्रमाबाहेर आहेत. त्यांना धरून विभागांची यादी पाठवलीत तर चिठ्ठ्या कशा टाकायच्या ते मी मांडून देईन.