हिपॅटायटिस सी गेला, आता बाबांची प्रतिकारशक्ती पूर्वीसारखी होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बाबा ५८ वर्षांचे, हिपॅटायटिस सी होता, बारा आठवडे गोळ्या घेतल्यावर रिपोर्ट निगेटिव्ह आला, सिरोसिस नाही. मग प्रतिकारशक्ती पूर्ववत झाली असं समजायचं का, आणि ती वाढवायला गुळवेलीचा काढा सुरू करावा का?

काढ्याचं आधी सांगते. नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद त्यांचा चालू दे, पण वर्षानुवर्षं सूज सोसलेल्या यकृतावर आपण घरी प्रयोग कशाला करायचा?

आता पेशींकडे येते. मी डॉक्टर नाही. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटरवर काम करते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना रंगीत अँटीबॉडी चिकटवायच्या, लेझरपुढून एकेक पेशी सोडायची आणि कोण किती आहे ते मोजायचं. शिवाय हा आजार घरातही पाहिलाय. माझ्या मावशीला १९९४ मध्ये बाळंतपणात रक्त चढवलं होतं. दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी तेव्हा आपल्याकडे सक्तीची नव्हती.

हा विषाणू शिरला की साधारण दहातल्या तिघांचं शरीर त्याला स्वतःच हाकलतं. बाकीच्यांत तो मुक्काम ठोकतो. त्याला ओळखणाऱ्या सीडी८ टी पेशी (विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) सुरुवातीला जोरात लढतात, पण शत्रू रोज, चोवीस तास समोर दिसत राहिला की काय होणार? रोज मरे त्याला कोण रडे! या पेशी हळूहळू संख्येने वाढणं थांबवतात, मारणं थांबवतात, रसायनं सोडणंही कमी करतात, आणि अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक चढवून बसतात. शास्त्रज्ञ त्यांना 'थकलेल्या' म्हणतात. मला तो शब्द थोडा अन्यायकारक वाटतो. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. नासधूस होते ती मुख्यतः आपल्याच सैन्याच्या माऱ्याने. वीस वर्षं सगळ्या टी पेशी पूर्ण ताकदीने लढल्या असत्या, तर यकृत उरलंच नसतं. थकवा म्हणा, शहाणपण म्हणा.

आणि हा थकवा मुख्यतः या एका विषाणूला ओळखणाऱ्या पेशींचा. फ्लू किंवा कांजिण्या ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांना सततच्या सुजेची झळ लागते, पण त्या अशा गळून जात नाहीत. म्हणून 'बाबांची प्रतिकारशक्ती संपली' असं कधीच नव्हतं.

उपचाराचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. मावशीने आधी इंटरफेरॉन घेतलं होतं. दर शुक्रवारी इंजेक्शन, शनिवारी ताप, केस गळणं, उदासी, आणि पांढऱ्या पेशी इतक्या उतरायच्या की डोस कमी करावा लागायचा. ते औषध प्रतिकारशक्तीलाच चाबूक मारून कामाला लावायचं. सोफोस्बुव्हिरसारख्या गोळ्या तसं काही करत नाहीत. त्या विषाणूचं प्रती काढणारं यंत्र बंद पाडतात, पेशींना हात लावत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं मुरलेला विषाणू तीन महिन्यांत काढून घेतला, तर थकलेल्या पेशी ताज्यातवान्या होतात का, हे माणसात पहिल्यांदाच नीट पाहता आलं.

होतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. एनके पेशी, म्हणजे ओळख पटवत न बसता बाधित पेशींवर तुटून पडणारी पहिली फळी, लवकर वळणावर येतात. रक्तातली सुजेची रसायनंही उतरतात. सीडी८ पेशींचं मात्र अर्धवट राहतं. त्यांच्यातला एक गट स्मृतिपेशींसारखा टिकून राहतो आणि पुन्हा वाढू शकतो, पण डीएनएच्या गुंडाळणीवर पडलेल्या खुणा पुसल्या जात नाहीत. कोणतं जनुक उघडं, कोणतं बंद, याची थकव्यातली मांडणी बरीचशी तशीच राहते. २०२१ मध्ये यावर शोधनिबंध आले, त्यांत या खुणांना व्रण म्हटलं आहे. यकृतात मोठ्या संख्येने राहणाऱ्या आणि जिवाणूंशी लढणाऱ्या मेट पेशी आजारात रक्तातून घटतात. त्या तर विषाणू गेल्यावरही सहसा भरून येत नाहीत.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? बाबांना सर्दी-खोकला जास्त होईल असं नाही. पण हिपॅटायटिस सी पुन्हा होऊ शकतो. एकदा झाला की कांजिण्यांसारखं संरक्षण मिळतं, असं इथे नाही. दाढीचं ब्लेड, सुया, टॅटू, दवाखान्यातली इंजेक्शनं यांची काळजी तीच, कायमची.

दुसरं, हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती का, ते फाइलमध्ये बघा. दोन्ही विषाणू असतील तर सी बहुधा बीला दाबून ठेवतो. सी गेला की बी उसळू शकतो, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या गोळ्यांच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा छापायला लावला. बीच्या दोन्ही चाचण्या, म्हणजे एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, निगेटिव्ह असतील तर डॉक्टरांना लशीबद्दल विचारा. सी अंगात असताना ही लस काही जणांत नीट लागत नाही, आता घेणं चांगलं. (कुणी बीचा रुग्ण हे वाचत असेल तर : तुमच्या गोळ्या विषाणूला दाबतात, पेशीच्या केंद्रकात दडलेली त्याची मूळ प्रत काढत नाहीत. मनाने बंद करू नका.)

आणि 'निगेटिव्ह' म्हणजे कोणती चाचणी, तेही पाहा. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेली आरएनए चाचणी हवी, म्हणजे रक्तात विषाणू स्वतः आहे का ते पाहणारी. अँटीबॉडी चाचणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, बहुतेकांत आयुष्यभर. मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी असंच झालं. रिपोर्ट पाहून तिथल्या लोकांनी ऑपरेशन पुढे ढकललं, दोन दिवस घरात रडारड. तेव्हापासून आरएनए रिपोर्टची झेरॉक्स तिच्या पर्समध्ये असते, आधार कार्डाच्या मागे घडी करून.